जिताड्याने कापलेलं बोट

माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट आता पूर्ण मिटत नाही. मूठ आवळली तरी ते थोडं बाहेर राहतं. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा, आणखी थोडं वाकेल. मी व्यायाम करते. राग मात्र कमी होत नाही, आणि त्याच्यासाठी कुणी व्यायाम सांगितलेला नाही.

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की आभार मानतात. देवाचे, डॉक्टरांचे, घरच्यांचे. माझ्याकडेही दोनचार आभार आहेत, ते त्यांच्या जागी येतील. पण मी लिहायला बसले ती रागाने. माझा आजार एका साध्या प्रश्नाने पकडता आला असता. तो प्रश्न कुणी विचारला नाही, आणि तेवढ्यापायी माझं बोट कापायची वेळ आली होती. आमच्या भागात माझ्यासारखे हात घरोघरी आहेत. त्या हातांसाठी हे लिहिते आहे.

तळं

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खारीत, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेल्या जमिनीवर. भातशेती आहे, आणि घरामागे तळं आहे. तळं प्रत्येकाच्याच घरामागे असतं आणि तळ्यात जिताडा हा मासा असतो. पावसाळ्यात खाडीतून आलेली बोटाएवढी पिल्लं तळ्यात सोडायची, त्यांना बारीक मासळी घालायची आणि वर्ष-दोन वर्षं वाट बघायची. असा पोसलेला जिताडा आम्ही सहसा विकत नाही. तो द्यायचा असतो. व्याह्यांना द्यायचा, तहसिलीतल्या साहेबांना द्यायचा, शाळेत प्रवेश हवा असेल तर तिथे द्यायचा. आमच्याकडे म्हणतातच की अर्ज अडतो, जिताडा अडत नाही.

आमच्या घरातून दरवर्षी एक जिताडा तालुक्याच्या डॉक्टरांकडे जायचा. माझे यजमान दिलीप न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात. त्यांचं ब्लडप्रेशर, सासूबाईंचे गुडघे, माझ्या मुलीचे लहानपणीचे ताप, सगळं त्याच डॉक्टरांनी पाहिलेलं. माणूस हसतमुख. आम्ही त्यांना घरचे समजायचो.

उन्हाळ्यात तळ्याचं पाणी कमी झालं की मासा काढायचा. त्या वर्षी यजमानांनी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकला आणि एक चांगला दणदणीत जिताडा अडकला. पागातून मासा सोडवायचं काम माझं. जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण ब्लेडसारखं असतं, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण मासा उसळला, माझा हात निसटला आणि बोटाच्या मधल्या पेरावर चर्रकन कापलं गेलं.

आमच्याकडे असं कापलं की काय करतात? तळ्याचाच गाळ उचलून वर थापतात. थंड वाटतं, रक्त थांबतं. माझ्या आजेसासूने केलं, सासूने केलं, मीही केलं. सासूबाई काठावर उभ्या होत्या. त्यांनीच मूठभर गाळ उचलून माझ्या बोटावर दाबला आणि म्हणाल्या, "काय नाय होत गो. तल्याचा घाव तलाच भरतंय."

तो जिताडा त्याच संध्याकाळी बर्फात घालून डॉक्टरांच्या घरी पोहोचला.

इंजेक्शन

जखम भरली. मी विसरूनही गेले. काही आठवड्यांनी त्याच जागी वाटाण्याएवढी लालसर गाठ आली. दुखत नव्हती म्हणून मी तिच्याकडे पाहिलं नाही. तळ्यात हात जातच होते, मासे साफ करणं चालूच होतं. मग बोट जाड झालं, सकाळी वाकेना, भाकरी थापताना कळ यायला लागली. तेव्हा गेले डॉक्टरांकडे.

त्यांनी बोट हातात घेतलं, दाबलं, वाकवलं.

"वाताची गाठ आहे. वय झालं की येतात अशा. एक इंजेक्शन देतो, बसून जाईल."

सुई बोटात जाताना मी दात आवळून बसले होते आणि ते माझं लक्ष वळवायला गप्पा मारत होते. "वहिनी, यंदाचा जिताडा काय होता हो! आमच्याकडे पाहुणे आले होते पुण्याचे. बोटं चाटत राहिले."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. ज्या माशाने माझं बोट कापलं, त्या माशाची चव हा माणूस त्याच बोटात सुई टोचताना आठवत होता. आणि तरीही त्याला विचारावंसं वाटलं नाही की वहिनी, तो मासा तळ्यातून काढला कुणी?

मी का नाही सांगितलं, असं आता पुष्कळ जण विचारतात. मला काय माहीत की ते सांगायचं असतं? जखम भरून गेली होती. तळ्यात हात घालणं ही आमच्याकडे सांगायची गोष्ट आहे का? उद्या तुम्ही विचाराल, श्वास घेता हे का नाही सांगितलं.

इंजेक्शनाने सूज खरंच उतरली. मला वाटलं, सुटले. ती दुप्पट होऊन परत आली. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा उतार, पुन्हा सूज. नंतर मला मुंबईत कळलं की ते स्टेरॉइड होतं. ते सूज दाबतं, पण आत जंतू असेल तर अंगाची लढायची ताकदही दाबतं. म्हणजे चोर घरात शिरलेला आणि आम्ही कुत्र्यालाच झोपेचं औषध देत होतो.

मग गाठी वर चढायला लागल्या. एक हाताच्या पाठीवर, एक मनगटाच्या वर, एक कोपराकडे. जणू कुणी ओळीने गोट्या मांडल्यात. बोटावरची गाठ फुटून वाहू लागली. तेव्हा कुठे डॉक्टरांनी मला एका सर्जनकडे पाठवलं.

बाहेरच्या बाकड्यावर

सर्जनने तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी यजमान ट्रेलर उभा करून माझ्याबरोबर आले होते. नर्सने नाव पुकारलं, आम्ही दोघं उठलो. ती म्हणाली, "आधी फक्त मिस्टरांना बोलावलंय."

बोट माझं. तुकडा माझा. हात कुजत होता तो माझा. आणि मी बाहेरच्या बाकड्यावर, पदराखाली हात लपवून बसलेली. दाराच्या काचेतून यजमानांची पाठ दिसत होती. ते मान हलवत होते. माझ्या बोटाच्या वतीने हो म्हणत होते.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. जिन्यात थांबून त्यांनी सांगितलं, "टीबी बोलतायत. हाडापर्यंत गेला असंल तर बोट काढायला लागंल, नाय तर हात जाईल असं बोलतायत."

"आणि तुम्ही काय बोललात?"

"मी काय बोलणार? बोललो, बघा साहेब, काय बरं असंल ते करा."

मी जिन्यातच ओरडले. माणसं बघायला लागली तरी थांबले नाही. "माझ्या हाताचा निकाल लावायला तुम्ही कोण? मला आत का नाही बोलावलं?" तो राग त्यांच्यावरचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण जवळ तेच होते.

उजव्या हाताचं पहिलं बोट गेलं तर बाईचं काय काय जातं, याची यादी कुठल्याच डॉक्टरकडे नसते. मासा धरता येत नाही. कोयता धरता येत नाही. ब्लाउजचा हूक लागत नाही. आणि तांदळाची भाकरी थापता येत नाही, कारण तळहात पीठ पसरवतो पण कड राखायचं काम याच बोटाचं असतं. गावात कुणाच्याही लग्नात भाकऱ्यांना बायका बसल्या की पहिली परात माझ्यापुढे यायची. मी काही फार शिकलेली नाही, गळा नाही, रूप नाही. मला गावात जो मान होता तो या हाताचा होता.

गावाचं डोकं

टीबी हा शब्द आमच्या आधी गावात पोहोचला. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा शेजारच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या.

सासूबाईंनी माझं ताट, पेला आणि तांब्या वेगळा काढून मोरीच्या फळीवर ठेवला. रागाने नव्हे, अगदी सहज, मांजराची ताटली ठेवावी तसा. मी विचारलं, "आई, बोटातला आजार पेल्यातून कसा जाईल?"

"मना काय म्हायती गो? मानसा बोलतान म्हनून ठेवला. घरात लेक येते-जाते, तिचा तरी बघायला पायजे."

त्याच आठवड्यात वाडीत हळद होती. मी गेले. हात फडक्यात बांधलेला होता, भाकरी थापायचा प्रश्नच नव्हता, पण पीठ चाळायला, उकड काढायला डावा हात होता ना. मी परातीजवळ बसले तशी नवऱ्यामुलाची मावशी उठली, माझ्या खांद्याला हात न लावता म्हणाली, "वनिता, तू आज पावनी. तिकडं खुर्चीवर बस. चा पी." सगळ्या खाली बघत भाकऱ्या थापत राहिल्या. ज्या पोरींना मी भाकरी फुगवायला शिकवली त्याही. मी त्या खुर्चीवर बसले नाही. घरी आले आणि मोरीवरचा तो पेला उचलून तळ्यात फेकून दिला.

त्या रात्री मी सासूबाईंशी बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आमचं चाललं होतं. सगळे माझ्यापासून स्वतःला वाचवत होते. मला वाचवायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

एकीच्या डोक्यात होतं. माझी मुलगी प्रणाली उरणकडे कंटेनरच्या कंपनीत ऑफिसात काम करते. ती फोनवर म्हणाली, "मम्मी, कोणी बोट कापायला बोलला म्हणून कापायचं नसतं. सेकंड ओपिनियन घ्यायचं. मी सुट्टी टाकते, तू लाँचने ये भाऊच्या धक्क्यावर, मी तिकडे उभी राहते." बापाने कुरकुर केली. इथले डॉक्टर काय खोटं बोलतील का, असं विचारलं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही गाडीचा टायर पण दोघांना दाखवून बदलता."

माझे पहिले आभार तिचे.

प्रश्न

मुंबईचं ते मोठं सरकारी हॉस्पिटल. केसपेपरची रांग, मग ओपीडीची रांग, मग चुकीच्या ओपीडीतून बरोबर ओपीडीची रांग. माझा हात दुखून लाकूड झाला होता. शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंपुढे बसले. प्रणालीच्याच वयाच्या असतील. डोळ्यांखाली काळं, टेबलावर अर्धवट खाल्लेला वडापाव. त्यांनी आधी फडकं सोडलं, हाताच्या गाठींवरून हळूच अंगठा फिरवत कोपरापर्यंत गेल्या आणि विचारलं,

"तुम्ही काय काम करता?"

मी म्हटलं, "काही नाही. घरीच असते."

"घरी म्हणजे? दिवसभर हाताने काय काय करता ते सांगा. मासे साफ करता? पाण्यात हात घालता?"

मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. प्रणाली घाबरली. डॉक्टरबाईंना वाटलं हात दुखला. मी रडत रडत त्यांच्यावरच चिडले. "हे आत्ता विचारताय? इतके महिने कुणीच कसं विचारलं नाही?" त्या चिडल्या नाहीत. त्यांनी वडापाव बाजूला सारला, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "आता सांगा. सगळं सांगा." मी तळं सांगितलं, जिताडा सांगितला, गाळ सांगितला, इंजेक्शनं सांगितली. इंजेक्शनांवर त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. टीबीच्या जंतूची मोठी भावकी आहे. त्यातले काही फुप्फुसात घर करतात, काही पाण्यात राहतात, माशांना आजारी करतात आणि कापलेल्या हातातून माणसात शिरतात. या पाण्यातल्या भावाला अंगाची जास्त ऊब सोसत नाही, म्हणून तो पोटात-छातीत सहसा जात नाही. बोटात, हातात, जिथे अंग जरा गार असतं तिथे ठाण मांडतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो टीबीसारखाच दिसतो. आणि प्रयोगशाळेत नेहमीच्या टीबीसारखा जास्त उबेत ठेवला तर तो नीट वाढतही नाही. त्याला वेगळा, कमी उबेत ठेवा, असं आधीच सांगावं लागतं. म्हणजे ज्याने रोग्याला विचारलं नाही, त्याला तो सापडणंही कठीण.

"माझ्यापासून कुणाला होईल?"

"नाही. माणसाकडून माणसाला जात नाही."

"आणि बोट?"

"हाडात शिरला नसेल तर वाचवू. आतला सडलेला भाग साफ करावा लागेल. गोळ्या कित्येक महिने. मी आत्ता वचन देत नाही. पण न बघता कापणार नाही, एवढं नक्की."

एवढं नक्की हे दोन शब्द मला पुरले.

वॉर्ड

एमआरआयमध्ये हाड शाबूत निघालं. ऑपरेशन झालं, बोट उघडून आतल्या दोरीवरचं सगळं साफ केलं. दोरी म्हणजे जिने बोट वाकतं ती. मग पडून राहणं, पहाटे झाडूवाल्या मावशींचा आरडाओरडा, वरण-भात, ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या वेळी मी शिव्या देत असे. नर्स म्हणायची, "ताई, मला देताय की बोटाला?" मी म्हणायचे, "दोघांनाही नाही, तिसऱ्याला."

नमुना प्रयोगशाळेत वाढायला बरेच आठवडे लागणार होते. पण डॉक्टरबाईंनी औषधं आधीच सुरू केली. घरी फोन केला तेव्हा सासूबाईच होत्या. मी मुद्दाम सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "टीबी नाही म्हणावं! टीबी नाही! कुणाला होत नाही माझ्यापासून! सांगा त्या हळदीच्या बायकांना!"

फोन ठेवला. शेजारच्या खाटेवर माणगावकडची एक बाई होती, लता. तिला मणक्याचा टीबी होता, खराखुरा. मुंबईत मुलाकडे राहायला आली आणि कंबर धरली. ती छताकडे बघत होती. तशीच म्हणाली, "तुझं बरं झालं गं. तुला वरडून सांगता येतंय. माझा पण दुसऱ्याला लागत न्हाय म्हणतात. पण मी वरडले तर कोण ऐकणार हाय?"

तिच्या सुनेने नातवाला तिच्याजवळ येऊ देणं बंद केलं होतं. मी स्वतःला निर्दोष ठरवत होते आणि तिला गुन्हेगार. माझा राग तोपर्यंत माझ्यापुरता होता, तिथून पुढे तो मोठा झाला. ज्या टीबीने माणूस खोकतो, त्याच्याही गोळ्या नीट चालू झाल्या की तो थोड्याच दिवसांत दुसऱ्याला देईनासा होतो, असं डॉक्टरबाईंनीच आम्हा दोघींना सांगितलं होतं. मग ताट वेगळं कुणासाठी ठेवायचं? आणि समजा ठेवावंच लागलं, तरी माणूस मोरीच्या फळीवर ठेवायचा असतो का?

गोळ्या

घरी आले. पुढे नमुना वाढला तेव्हा तोच पाण्यातला जंतू निघाला. गोळ्यांनी तोंडाची चव गेली, मळमळ सुरू झाली. लघवी केशरी होईल हे मला सांगितलं होतं, सासूबाईंना नव्हतं. त्यांनी एकदा पाहिलं आणि देवाला नारळ बोलून आल्या. एका गोळीमुळे डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून मधून मधून तपासायला जावं लागे, लाल-हिरवं नीट ओळखता येतं का ते. लाँचवरच्या खलाशाला माझी सवय झाली. मी चढले की तो सावलीतल्या बाकावरच्या माणसाला म्हणायचा, "सरका जरा, हाताची बाय आली." दुसरे आभार त्याचे. त्याने मला कधी काय झालंय विचारलं नाही, आणि त्याने विचारायची गरजही नव्हती.

गोळ्यांच्या दिवसांत यजमान आणि मी खूप भांडलो. त्यांच्या फेऱ्या बुडत, मालक बोलत, आणि ते घरी येऊन म्हणत, "बरं वाटतंय ना आता? मग अजून कशाला गोळ्या?" गाठी विरल्या होत्या, जखम मिटली होती. बरं दिसत होतं हे खरं. पण गाठी विरल्यावरही पुढे काही महिने गोळ्या घ्यायच्या असतात, नाहीतर तो पुन्हा डोकं काढतो. मी म्हणायचे, बरं दिसतंय म्हणून एकदा फसलोय. पुन्हा नाही.

पण याच माणसाने, माझा हात बांधलेला होता तेव्हा, रोज माझी वेणी घातली. पूर्वी ट्रकवर ताडपत्री आवळायचे तशी. डोकं दुखायचं. मी एकदाही सैल करा म्हटलं नाही.

आणि अधेमधे सांगून टाकते, कारण नंतर रागात राहून जाईल. शिजवलेला मासा खाऊन हे होत नाही, खुशाल खा. तळ्यात, टाकीत, मासळीत हात घालायचा तर जाड रबरी हातमोजे घाला, लोक हसतील, हसू द्या. हाताला चीर असेल तर तो दिवस तळ्याला सुट्टी. कापलं तर गाळ नको, वाहतं स्वच्छ पाणी आणि साबण. गाठ आली आणि आठवड्या-दोन आठवड्यांत गेली नाही, तर कुणालाही तिच्यात सुई टोचू देऊ नका, आधी तुकडा तपासा म्हणावं. आणि आपण मासे हाताळतो हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

दवाखाना

गोळ्या संपल्या त्या उन्हाळ्यात तळ्याचं पाणी पुन्हा खाली गेलं. एका सकाळी बघते तर यजमानांनी जिताडा काढलेला, सासूबाई बर्फ फोडतायत.

"कुणाला?"

"डॉक्टरना," सासूबाई म्हणाल्या. "दरसालचा हाय तो. उद्या रातचं-बेरातचं कोन येनार हाय आपल्याला?"

यजमानांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचं म्हणणं मला तोंडपाठ होतं. जवळ दुसरा डॉक्टर नाही. वैर कशाला. झालं ते झालं. आमचं सगळं आयुष्य याच हिशेबावर चाललेलं. ज्याची गरज लागेल त्याला काही बोलायचं नाही, मासा द्यायचा.

मी तो जिताडा उचलला, कापला आणि दुपारी कालवण केलं. यजमान जेवले. सासूबाईही जेवल्या, आणि कालवण पुन्हा मागितलं. मग मी मुंबईचे रिपोर्ट पिशवीत घातले आणि एसटी धरून तालुक्याला गेले.

दवाखान्यात गर्दी होती. नंबर आला तेव्हा आत गेले. डॉक्टर हसले. "वहिनी! बऱ्या दिसताय. हात कसा आहे?"

मी रिपोर्ट पुढे ठेवले. त्यांनी वाचले. दोनदा वाचले.

"रेअर आहे हो हे. पुस्तकात एक ओळ असते याच्यावर. आम्ही कसं ओळखणार?"

"ओळखायचं नव्हतं. विचारायचं होतं."

"वहिनी, दिवसाला इतके पेशंट येतात. प्रत्येकाला, तू काय काम करतोस, विचारत बसलो तर..."

"तुम्हाला विचारायचीही गरज नव्हती. तुम्ही तो मासा खाल्ला होता."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं, हे बोलले की आतलं काहीतरी शांत होईल. झालं नाही. ते म्हणाले, "सॉरी, पण आता बोट वाचलंय ना?" मी बोट त्यांच्यापुढे धरून मूठ आवळली. ते बाहेर राहिलं. मी रिपोर्ट गोळा केले आणि बाहेर आले.

बाहेर बाकड्यांवर माणसं बसली होती. खारीतली, खाडीकाठची, माझ्यासारखीच. मला गप्प जाता आलं नाही. मी तिथेच उभी राहून मोठ्याने म्हटलं, "मासळीत हात घालणारं कुणी आहे का इथं? बोटाला, हाताला गाठ आलीय आणि जात नाही, असं कुणी आहे का?"

कंपाउंडर धावत आला. "ओ ताई, इथं काय लावलंय?" माणसं माझ्याकडे बघत होती, वेड्या बाईकडे बघतात तशी. कुणी हललं नाही. मी जायला वळले.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या कोळणीने पदराखालून हात काढला. आधी तिने तो मांडीवर ठेवला. मग हळूच माझ्याकडे सरकवला. अंगठा सुजून लाल झालेला, मनगटावर एक गाठ, तिच्या वर दुसरी.

मी तिच्यापुढे खाली बसले. "आजी, सुई घेतलीत यात?"

"दोनदा," ती म्हणाली. "आज तिसरी हाय. माझा नंबर येलच आता."

कंपाउंडरने तिचं नाव पुकारलं. तिने उठायला हात टेकला. मी तिचा तो हात माझ्या हातात धरला, सोडला नाही, आणि तिला घेऊन दवाखान्याच्या बाहेर आले.